दोघांच्या सहलीसाठी ठिकाण निवडताना डेटा कसा वापरावा

‘सर्वांत रोमँटिक ठिकाणं’ अशी कुठलीही यादी उघडा, वरच्या दहांत पॅरिस, व्हेनिस, सँटोरिनी, बाली आणि मालदीव भेटतातच. या याद्या बहुतेक वेळा एकमेकींवरून तयार होतात. त्या मोजतात ती प्रसिद्धी, आणि प्रसिद्धीचा भार त्या जागेलाच सोसावा लागतो. पॅरिसच्या पाँ दे आर पुलावर जोडपी प्रेमाची खूण म्हणून कुलपं लावायची. २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग त्या वजनाने कोसळला आणि २०१५ मध्ये पालिकेने सुमारे ४५ टन कुलपं तिथून हलवली. ‘इथे प्रेम व्यक्त करतात’ अशी ख्याती झाली की तिथे निवांत उभं राहायलाही जागा उरत नाही.

डेटाकडून ‘कुठे जाऊ?’ याचं थेट उत्तर मागितलं तर तीच यादी परत मिळते. डेटा खरा उपयोगी पडतो तो नकार देण्यासाठी. न जमणारी ठिकाणं, चुकीचे आठवडे आणि फसवी रेटिंग तो झपाट्याने बाजूला काढतो. उरलेल्या चार-पाच पर्यायांत निवड दोघांनी मनाने करायची. त्यासाठी प्रोग्रामिंग यावंच लागतं असं नाही. एक स्प्रेडशीट, इंटरनेट आणि काही मोकळ्या संध्याकाळी पुरतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका. तुमच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे ‘एक ठिकाण आणि एक आठवडा’. ‘व्हेनिस’ ही ओळ नाही. ‘व्हेनिस, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा’ ही ओळ आहे. ऑगस्टमधलं आणि नोव्हेंबरमधलं व्हेनिस ही दोन वेगळी गावं समजा. तक्ते चुकतात ते बहुधा इथेच, कारण गुण ठिकाणाला दिले जातात आणि तारखा मागाहून ठरतात.

आधी दोघांनी वेगवेगळं लिहा

‘रोमँटिक’ नावाचा रकाना कुठल्याच डेटात नसतो. त्याचे मोजता येतील असे तुकडे तुम्हालाच करावे लागतात, आणि ते तुमच्या आठवणींतून यायला हवेत.

दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, आजवर सोबत घालवलेले पाच-सहा उत्तम प्रसंग लिहा. ठिकाणाचं नाव महत्त्वाचं नाही. वेळ कुठली होती, हवा कशी होती, आजूबाजूला किती माणसं होती, चालत होतात की बसला होतात, बोलत होतात की गप्प होतात, हे लिहा. घरापासून दहा मिनिटांवरचा प्रसंगही चालेल. मग कागद शेजारी ठेवून समान धागे शोधा.

जोडीला फोनमधले फोटो बघा. बहुतेक फोटोंमध्ये वेळ आणि जागा नोंदलेली असते. मागच्या सहलींचे फोटो तासांनुसार लावले की तुम्ही सकाळचे आहात की संध्याकाळचे, एका जागी रेंगाळता की सतत फिरता, हे दिसतं. पण फोटोंना एक मोठी मर्यादा आहे. माणूस बोलण्यात खरोखर रमलेला असतो तेव्हा सहसा फोटो काढत नाही. त्यामुळे फोटोंमधल्या रिकाम्या जागाही वाचा. दुपारी दोन ते पाच एकही फोटो नसेल तर त्या वेळी काय चाललं होतं ते आठवा. कदाचित तोच दिवसाचा सर्वांत चांगला भाग असेल. हे काम स्वतःच्या फोनवर किंवा संगणकावरच करा. खासगी फोटो कुठल्या अनोळखी साधनावर चढवायची गरज नाही.

आता आठवणीतल्या शब्दांना निकषांचं रूप द्या. ‘शांत होतं’ याचे दोन-तीन अर्थ निघतात: वाहनांचा आवाज नव्हता, माणसं कमी होती किंवा आपल्याला कुणी ओळखत नव्हतं. पहिल्यासाठी पादचारी रस्त्यांचं प्रमाण पाहावं लागेल, दुसऱ्यासाठी पाहुण्यांची संख्या. तिसऱ्यासाठी आकडा सापडणार नाही, तो बाजूला ठेवा. ‘खूप वेळ चालत राहिलो’ याचा निकष म्हणजे पायी फिरता येतील असे सलग रस्ते आणि चालण्याजोगं हवामान. ‘संध्याकाळ संपतच नव्हती’ हे तर अक्षरशः मिनिटांत मोजता येतं, त्याकडे पुढे येतो. निकष सहा-सातच्या वर नेऊ नका. जास्त झाले की प्रत्येकाचं वजन इतकं कमी होतं की शेवटी सगळीच ठिकाणं सारखी दिसू लागतात.

गुण देण्याआधीची चाळणी

काही गोष्टींना गुण द्यायचे नसतात, फक्त ‘चालेल’ किंवा ‘नाही चालणार’ एवढंच ठरवायचं असतं. कायदा ही त्यांतली पहिली. अनेक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत, आणि काही ठिकाणी अविवाहित जोडप्यांच्या एकत्र मुक्कामावर किंवा सार्वजनिक ठिकाणच्या जवळिकीवर बंधनं आहेत. अशा ठिकाणाला ‘कायदा: १० पैकी ४’ असे गुण देऊन बाकीच्या सौंदर्याने ते भरून काढणं बरोबर नाही. ती ओळ सरळ काढून टाका. आरोग्याचंही तसंच. गरोदरपणात झिकाचा धोका असलेले प्रदेश किंवा फार उंचीवरची ठिकाणं डॉक्टरांशी बोलूनच यादीत ठेवा. चालायला किंवा जिने चढायला त्रास होत असेल तर ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर आहेत तशी पायऱ्यापायऱ्यांची गावं आधीच तपासा. व्हीलचेअर कुठे जाऊ शकते हे व्हीलमॅप या नकाशावर बऱ्याच शहरांसाठी नोंदलेलं आहे.

दुसरी चाळणी प्रवासाच्या वेळेची. विमानाचे तास मोजू नका, दारापासून दारापर्यंतचे मोजा: विमानतळावर पोहोचणं, थांबणं, बदली, शेवटची बस किंवा बोट. समजा चार दिवस-रात्रींची सहल आहे. एकूण ९६ तास. झोपेचे ३२ वजा केले की जागेपणाचे ६४ उरतात. जायला ११ आणि यायला ११ तास लागणार असतील तर २२ तास, म्हणजे सुमारे ३४ टक्के वेळ रांगांत आणि खुर्च्यांत जातो. तेच पाच-पाच तास असतील तर जेमतेम १६ टक्के. हा आकडा २५ टक्क्यांच्या वर गेला तर मी ते ठिकाण लांबच्या सुट्टीसाठी राखून ठेवायला सांगेन. अनेक वेळपट्टे ओलांडून पूर्वेकडे जाणार असाल तर आणखी कडक व्हा. त्या दिशेने शरीराला जुळवून घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि दोघांपैकी एक रात्रभर जागा, दुसरा दिवसभर पेंगलेला, असं होतं.

यादीत नावं आणायची कुठून

चाळणीतून जातील अशी वीस-पंचवीस नावं हवीत. त्यांतली निम्मी तरी ‘रोमँटिक’ याद्यांबाहेरची असू द्या, म्हणजे तुलनेला अर्थ येईल.

यासाठी ओपनस्ट्रीटमॅप फार कामाचा आहे. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक भरतात. त्यात समुद्रकिनारे, पायवाटा, पादचारी रस्ते, देखाव्याच्या जागा, इतकंच काय, बाकंसुद्धा वेगवेगळ्या टॅगने नोंदलेली असतात. ओव्हरपास टर्बो या साधनात प्रदेश निवडून ‘इथल्या सगळ्या देखाव्याच्या जागा दाखव’ अशी मागणी करता येते. मला स्वतःला बाकांचा निकष फार आवडतो. पाण्याकाठी भरपूर बाकं असलेल्या गावात दोघांना विकत काहीही न घेता तासभर बसता येतं, आणि कुठलंही रेटिंग हे सांगत नाही. नोंदी मात्र सगळीकडे सारख्या दाट नाहीत. युरोपातल्या बऱ्याच शहरांत एकेक बाक नोंदलेलं आहे, तर इतरत्र अख्खी बाग नोंदायची राहिलेली असू शकते. म्हणून नकाशावर ‘शून्य’ दिसलं तर ‘नाही’ असं समजू नका. उपग्रहाच्या चित्रात एकदा पाहून घ्या, आणि शक्यतो एकाच प्रदेशातल्या गावांची आपसांत तुलना करा.

प्रसिद्धी मोजायला विकिपीडियाच्या पानांना मिळणारी भेट हा स्वच्छ आकडा आहे. जुलै २०१५ पासूनची दैनंदिन संख्या कुणालाही मोफत पाहता येते, तीही भाषेनुसार वेगळी. एखाद्या गावाचं पान स्थानिक भाषेत भरपूर आणि इंग्रजीत कमी वाचलं जात असेल तर ते देशातल्या लोकांचं आवडतं पण परदेशी गर्दीपासून दूर राहिलेलं गाव असण्याची शक्यता आहे. अशी नावं यादीत घ्या. गूगल ट्रेंड्स लोकांच्या गूगलवरच्या शोधांचा २००४ पासूनचा कल दाखवतं, पण तिथला ० ते १०० हा आकडा सापेक्ष असतो. १०० म्हणजे निवडलेल्या काळातला आणि निवडलेल्या शब्दांमधला उच्चांक. प्रत्यक्ष किती लोकांनी शोधलं ते त्यातून कळत नाही. एका वेळी मोजक्याच शब्दांची तुलना होते, म्हणून एक नाव प्रत्येक गटात कायम ठेवा आणि बाकीची त्याच्याशी ताडून पाहा. फ्लोरेन्स हे शहरही आहे आणि व्यक्तीचं नावही, त्यामुळे साधा शब्द न देता ‘विषय’ निवडा.

हवामान: सरासरीच्या आत डोकवा

‘एप्रिलमध्ये सरासरी २२ अंश, पाऊस १०० मिलिमीटर’ या ओळीवर कुठलाही बेत ठरवू नका. १०० मिलिमीटर पाऊस चार दणक्यांत पडून बाकीचा महिना लख्ख असू शकतो, किंवा अठरा दिवस नुसती झिमझिम चालू राहू शकते. तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे किमान १ मिलिमीटर पाऊस पडलेल्या दिवसांची संख्या. शक्य असेल तर तो दिवसाच्या कुठल्या वेळी पडतो तेही बघा. उष्ण प्रदेशांत पावसाळ्यातला पाऊस अनेकदा दुपारनंतरच कोसळतो आणि सकाळ मोकळी राहते. तुम्ही सकाळची माणसं असाल तर ‘वाईट हंगाम’ तुमच्यासाठी उत्तम ठरू शकतो.

ताशी नोंदी ईआरए५ या संचात मिळतात. युरोपच्या हवामान केंद्राने तयार केलेला हा संच १९४० पासूनचा आहे, आणि ओपन-मिटिओच्या संकेतस्थळावरून कुठल्याही अक्षांश-रेखांशाचा डेटा व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी मोफत उतरवता येतो. फक्त तुमच्या आठवड्याची गेल्या दहा वर्षांची माहिती घ्या आणि सोप्या प्रश्नाचं उत्तर काढा: संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात पाऊस नव्हता, वारा मंद होता आणि तापमान आपल्याला मानवणारं होतं, अशा किती संध्याकाळी मिळाल्या? सत्तरपैकी बावन्न आणि सत्तरपैकी एकवीस यांतला फरक कुणालाही समजतो. महिन्याची सरासरी हे कधीच सांगणार नाही.

दमटपणासाठी आर्द्रतेची टक्केवारी बघू नका, ती तापमानासोबत वरखाली होत राहते. दवबिंदू बघा, म्हणजे हवेतल्या बाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. तो साधारण १३ अंशांच्या खाली असेल तर हवा हलकी वाटते, १८ च्या वर गेला की अंग चिकचिकू लागतं. हातात हात घालून चालण्याच्या बेतात हा आकडा पावसाइतकाच महत्त्वाचा आहे.

ईआरए५ जगाचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकच आकडा देतो, आणि एक चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा असतो. सँटोरिनीसारखं बेट आख्खं एका चौकोनात मावतं आणि आजूबाजूच्या समुद्राच्या आकड्यांत मिसळून जातं. डोंगराळ भागात दरी आणि शिखर एकच होऊन बसतात. अशा ठिकाणी जवळच्या प्रत्यक्ष हवामान केंद्राची नोंद शोधा, किंवा उंचीतल्या दर हजार मीटर फरकामागे सुमारे साडेसहा अंश अशी ढोबळ दुरुस्ती करा.

आणि जुन्या ठोकताळ्यांवर विसंबू नका. क्योटोमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून आहेत. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या नोंदींतला सर्वांत लवकरचा. ‘एप्रिलचा पहिला पंधरवडा’ हे जुनं उत्तर धरून गेलेल्यांना त्या वर्षी गळालेल्या पाकळ्याच दिसल्या असत्या. बहर, पानगळीचे रंग, बर्फ अशा गोष्टींसाठी जायचं असेल तर गेल्या दहा वर्षांच्या तारखा काढा. त्यांचा पसारा किती आहे ते पाहा, आणि तो तुमच्या मुक्कामापेक्षा मोठा असेल तर सहलीचा सगळा आनंद त्या एका गोष्टीवर टांगू नका.

संध्याकाळ किती लांब असते

सूर्यास्तानंतर सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा उजेड म्हणजे नागरी संधिप्रकाश. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा उजेड वीस-बावीस मिनिटांत संपतो. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही चाळीसेक मिनिटं आकाश उजळ राहतं. बालीत वर्षभर सूर्यास्त सहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो. ज्या जोडप्याला लांबलचक संध्याकाळ हवी त्यांच्यासाठी अक्षांश हाच मोठा निकष आहे. उलट, ज्यांना लवकर अंधार, दिवे आणि तारे हवेत त्यांना उत्तरेतली उन्हाळी सहल निराश करेल. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही आणि उन्हाळ्यात कित्येक आठवडे मावळत नाही. कुठल्याही तारखेचा सूर्यास्त आणि संधिप्रकाश सांगणारे मोफत तक्ते भरपूर आहेत; तक्त्यात ‘मिनिटं’ असा एक रकाना ठेवा.

तारे पाहायचे असतील तर उपग्रहांच्या रात्रीच्या चित्रांवरून केलेले प्रकाशप्रदूषणाचे नकाशे बघा. आकाश किती काळोखं आहे हे सांगणाऱ्या बोर्टल श्रेणीत १ (सर्वांत काळोखं) ते ९ असे वर्ग असतात. चौथ्यापर्यंत आकाशगंगा डोळ्यांनी दिसते. पण तारीख पौर्णिमेजवळची असेल तर पहिल्या वर्गाचं आकाशही धुऊन निघतं, म्हणून अमावस्येच्या आगेमागे चार दिवस धरा. चांदण्यात समुद्र पाहायचा असेल तर अर्थातच उलट.

गर्दी, हा सर्वांत अवघड रकाना

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. बाकी सगळं चांगलं असूनही सहल बिघडते ती बहुधा गर्दीमुळे, आणि तिच्यासाठी एकच विश्वासार्ह आकडा मिळत नाही. तीन-चार अर्धवट पुरावे एकत्र करावे लागतात.

पाहुण्यांची एकूण संख्या फसवी असते. ती स्थानिक लोकसंख्येच्या तुलनेत पाहा. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटमध्ये आठशेच्या आसपास लोक राहतात आणि ऐन हंगामात दिवसाला दहा हजारांपर्यंत पाहुणे येतात. एखाद्या महानगराला हा आकडा जाणवणारही नाही, पण हालश्टाटमध्ये चालायलाही जागा उरत नाही. युरोपसाठी युरोस्टॅट ही युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था पर्यटकांच्या मुक्कामाच्या रात्रींची आकडेवारी प्रसिद्ध करतं. इतरत्र पर्यटन खात्यांची मासिक पत्रकं पाहा. मासिक आकड्यातून ऐन हंगाम आणि त्याच्या कडेचे आठवडे ओळखता येतात. हे कडेचे आठवडे, म्हणजे गर्दी ओसरली आहे पण हवा अजून छान आहे असा काळ, जोडप्यांसाठी सोन्यासारखे असतात. गर्दीचा आणि हवामानाचा आलेख एकाखाली एक ठेवला की ते डोळ्यांना दिसतात.

मुक्कामी पाहुण्यांच्या आकड्यात दिवसभरासाठी येणारे मोजले जात नाहीत. बंदराच्या गावांत हा फरक फार मोठा असतो. सुमारे साडेपंधरा हजार वस्तीच्या सँटोरिनीला क्रूझच्या प्रवाशांसाठी दिवसाला ८,००० ची मर्यादा ठरवावी लागली. दिलासा इतकाच की क्रूझची वेळापत्रकं आधीच जाहीर होतात. तुमच्या आठवड्यात कुठल्या दिवशी किती जहाजं येणार, किती वाजता येऊन किती वाजता निघणार, हे बघून बेत आखता येतो. त्या दिवशी बंदरापासून दूर जा, आणि शेवटचं जहाज सुटल्यावर गावात परत या.

काही शहरं आपल्या गर्दीचा अंदाज स्वतःच जाहीर करतात. व्हेनिसने २०२४ मध्ये एका दिवसासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क सुरू केलं. त्या वर्षी ते २९ दिवसांना लागू होतं, २०२५ मध्ये ५४ दिवसांना. ते दिवस म्हणजे शहराच्या मते सर्वाधिक गर्दीचे दिवस. शुल्क भरावं लागो न लागो, ती दिनदर्शिका उघडून तेवढे दिवस टाळा. राष्ट्रीय उद्यानांच्या आरक्षणाच्या तारखाही अशाच वाचता येतात.

मागणी मोजायची आणखी एक युक्ती आहे. पाच-सहा मुक्कामाच्या जागा निवडा आणि त्याच खोलीचा दर वर्षातल्या वेगवेगळ्या आठवड्यांसाठी पाहा. सर्वांत स्वस्त आठवड्याच्या किती पट, एवढंच गुणोत्तर लिहा. गुणोत्तर अचानक वाढलं की त्या आठवड्यात काहीतरी आहे: सण, शाळेच्या सुट्ट्या, परिषद, शर्यत. भाड्याच्या घरांची दिनदर्शिका मात्र जपून वाचा, कारण ‘उपलब्ध नाही’ याचा अर्थ मालकाने स्वतःसाठी राखून ठेवलं आहे असाही असतो.

गूगल नकाशावरची ‘गर्दीची वेळ’ दाखवणारी पट्टी तासांसाठी उत्तम, ठिकाणांच्या तुलनेसाठी निरुपयोगी. ती त्या जागेच्या स्वतःच्या उच्चांकाच्या तुलनेत मोजलेली असते. छोट्या बागेतली पूर्ण भरलेली पट्टी आणि प्रसिद्ध चौकातली पूर्ण भरलेली पट्टी यांत हजारो माणसांचा फरक असू शकतो. फोटोंवरून गर्दीचा अंदाज काढणाऱ्या संशोधकांचा एक साधा नियम घेण्यासारखा आहे: एका माणसाचे एका ठिकाणचे एका दिवसातले सगळे फोटो मिळून एकच भेट धरायची. नाहीतर शंभर फोटो काढणारा एकटा हौशी छायाचित्रकार शंभर माणसांसारखा दिसतो.

यादी छोटी झाल्यावर लाइव्ह वेबकॅम शोधा. किनारे, चौक, घाट यांवर ते बऱ्याच ठिकाणी आहेत. मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यातली चित्रं जपून ठेवलेली असतील तर फारच उत्तम, नाहीतर चालू हंगामात सलग आठवडाभर सूर्यास्ताच्या वेळी उघडून माणसं मोजा. दोघांनी मिळून करायला हे काम मजेचंही आहे.

रेटिंग कसं वाचायचं

१२ लोकांनी दिलेलं ४.९ आणि २,४०० लोकांनी दिलेलं ४.६ यांत पहिलं मोठं दिसतं. पण १२ मतं म्हणजे मालकाच्या ओळखीचे लोकही असू शकतात. यावर सोपा उपाय आहे. त्या भागातल्या सगळ्या जागांची सरासरी काढा, समजा ४.३ आली. प्रत्येक जागेला ४.३ ची १०० काल्पनिक मतं आधीच मिळाली आहेत असं धरून पुन्हा सरासरी काढा. पहिल्या जागेचं रेटिंग ४.३६ वर उतरतं, दुसरीचं ४.५९ राहतं. आता क्रम बरोबर लागला.

आकड्यापेक्षा मजकूर जास्त बोलतो. अनेक संकेतस्थळांवर फक्त जोडप्यांचे अभिप्राय वेगळे काढता येतात. त्यांतले तुमच्या महिन्यातले तीसेक अभिप्राय स्वतः वाचा. भावना ओळखणारी सॉफ्टवेअर वापरता येतात, पण दहा-बारा ठिकाणांसाठी डोळेच जास्त अचूक आहेत. पाच ताऱ्यांचे अभिप्राय एकसुरी असतात. तीन ताऱ्यांचे वाचा, तिथे माणसं तपशील देतात. काही शब्द मोजा: आवाज, रांग, बांधकाम, भिंती पातळ, रात्रभर संगीत. दुसऱ्या बाजूला ‘पुन्हा येऊ’ आणि ‘आणखी एक दिवस राहायला हवं होतं’ यांसारखी वाक्यं मोजा. ‘रोमँटिक’ हा शब्द मोजू नका. तो जाहिरातीतून अभिप्रायांत शिरलेला असतो.

दोघांचे गुण एकत्र करताना

आता प्रत्येक ओळीत चांगल्या संध्याकाळी, संधिप्रकाशाची मिनिटं, गर्दी, पायी फिरण्याची सोय, प्रवासाची टक्केवारी, सुधारलेलं रेटिंग असे रकाने भरलेले असतील. एककं वेगवेगळी आहेत, म्हणून प्रत्येक रकान्यात ओळींचा क्रम लावून त्याचं १ ते १० मध्ये (सर्वांत चांगल्याला १०) रूपांतर करा. थेट आकड्यांचं प्रमाण काढलं तर एखादं टोकाचं ठिकाण बाकी सगळ्यांना एका कोपऱ्यात दाबून टाकतं. ‘प्रसिद्धी’ आणि ‘गर्दी’ असे दोन्ही रकाने ठेवले असतील तर एक काढा, नाहीतर एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा होते.

वेटेज, म्हणजे कुठल्या निकषाला किती महत्त्व, दोघांनी वेगवेगळं द्यायचं. प्रत्येकाला १०० गुण, ते निकषांत वाटायचे, पुन्हा एकमेकांना न दाखवता. त्यामुळे प्रत्येक ओळीला दोन बेरजा मिळतील, एक त्याची आणि एक तिची, किंवा ज्या दोघांची सहल आहे त्या दोघांची.

या दोन बेरजांची साधी सरासरी काढू नका. माझ्या मते या पूर्ण पद्धतीतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. एका ठिकाणाला ९ आणि ३ गुण मिळाले, दुसऱ्याला ६ आणि ६. सरासरी दोन्हींची ६ येते. पण पहिल्या ठिकाणी एक जण आनंदात असेल आणि दुसरा परतीचे दिवस मोजत असेल. दोघांच्या सहलीत एकाचा कंटाळा दुसऱ्याच्या आनंदातून वजा होतोच. म्हणून दोन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. ९ आणि ३ चे आता ५.२ होतात, ६ आणि ६ चे ६ च राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकानेही २०१० मध्ये याच कारणासाठी साधी सरासरी सोडून भूमितीय, म्हणजे अशीच गुणाकारावर आधारलेली सरासरी घेतली: एका बाबतीतली उणीव दुसऱ्या बाबतीतल्या भरभराटीने पूर्ण झाकली जाऊ नये. शिवाय एक वेगळी अट ठेवा, दोघांपैकी कुणाचेही गुण ४ च्या खाली असलेली ओळ बाद.

निकाल आला की त्याला धक्का देऊन पाहा. प्रत्येक वेटेज वीस टक्क्यांनी वरखाली करा. पहिली तीन नावं टिकली तर निकाल भक्कम आहे. जराशा बदलाने क्रम उलटत असेल तर ती ठिकाणं जवळपास सारखीच आहेत, आणि तसं असेल तर दशांशांवरून वाद न घालता मनाला वाटेल ते घ्या. ज्याला थोडं प्रोग्रामिंग येतं त्याने वेटेज हजार वेळा यादृच्छिक बदलून कुठलं ठिकाण किती वेळा पहिल्या तिघांत येतं ते मोजावं.

पहिलं आलेलं नाव वाचून दोघांपैकी कुणाचा चेहरा उतरला तर तो डेटाच आहे. एखादा निकष लिहायचा राहिला असणार. तो विचारा, नवा रकाना घाला, तक्ता पुन्हा चालवा.

पैसे भरण्याआधी

शेवटच्या दोन-तीन ओळींसाठी तिथल्या सार्वजनिक आणि शाळेच्या सुट्ट्या, रस्त्यांची आणि मुक्कामाच्या जागेजवळची बांधकामं, बोटी आणि बसचं त्या आठवड्यातलं वेळापत्रक तपासा. हंगामाच्या कडेला बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि काही जागा बंदच असतात. मग मुक्कामाची जागा निवडा, आणि इथे नकाशा पुन्हा उघडा. पाण्यापर्यंत पायी किती मिनिटं, वाटेत मोठा रस्ता आहे का, खिडकी कुठल्या दिशेला आहे, त्या तारखांना सूर्य तिकडे मावळतो का. सूर्यास्ताची जागा वर्षभर क्षितिजावर सरकत असते, त्यामुळे ‘पश्चिमेचा देखावा’ डिसेंबरमध्ये डोंगराआड जाऊ शकतो. तारीख टाकली की सूर्याची दिशा नकाशावर दाखवणारी साधनं मोफत आहेत.

मुक्कामातला किमान एक पूर्ण दिवस तक्त्याबाहेर, मोकळा ठेवा. परत आल्यावर आठवडाभराने दोघांनी पुन्हा वेगवेगळे गुण लिहा, ठिकाणाला नाही, प्रत्येक निकषाला: हा आपल्याला वाटला होता तितका महत्त्वाचा ठरला का? ते आकडे जुन्या वेटेजच्या शेजारच्या रकान्यात भरून ठेवा, पुढच्या सहलीची सुरुवात तिथूनच करायची आहे.